सहाशे भागिले सात

भुईगावात आमच्या आळीत एक बावखल आहे. विहिरीहून मोठं, तळ्याहून लहान, एका बाजूला दगडी पायऱ्या आणि बाकीच्या तीन बाजूंना माड. त्याच्या पाण्यावर सात घरांच्या वाड्या जगतात. चार घरं ख्रिस्ती, तीन हिंदू, आणि मोटार एकच. म्हणून पाळ्या. आठवड्यातले तीन दिवस, सकाळी सहा ते दुपारी चार मोटार चालते आणि जवळच्या वाडीपासून लांबच्या वाडीपर्यंत क्रमाने पाणी जातं. कोणाची पाळी कधी लागते आणि कधी संपते, हे माझ्या जन्माच्या आधीपासून एकाच माणसाच्या वहीत लिहिलेलं असायचं. त्या माणसाला सगळी आळी काका म्हणते. मोटारीचं बटणही त्यांच्याच ओसरीत आहे.

नाताळानंतर काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर लिहिणं-वाचणं बंद सांगितलं. नेमकी त्याच दिवसांत वीज सारखी जात होती, आणि वीज गेली की पाळ्यांचं सगळं गणित नव्याने मांडावं लागतं, कारण उरलेल्या वेळेचे पुन्हा वाटे करायचे असतात. काकांनी वही माझ्या हातात दिली.

"बाय, तू दिवसभर कॉम्प्युटरला चिकटलेली असतेस ना? मग एवढं त्याच्याकडून करून घे."

मी तेव्हा कॉलेज संपवून घरी बसले होते. घरी बसले होते म्हणजे कामं शोधत होते, लेख लिहीत होते आणि पायथन शिकत होते. मी ठरवलं, वहीच नको. एक वेबपान करायचं, जे सातही घरांना आपापल्या फोनवर उघडता येईल. आज मोटार किती तास चालणार एवढं टाकलं की प्रत्येकाची वेळ समोर. सगळ्यांना एकच पान दिसणार, कोणाच्या ओसरीत जाऊन विचारायला नको. माझ्या दृष्टीने ती लोकशाही होती.

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मी पत्रकांवर वाढले. आईवडील दोघेही पाण्यासाठी आणि वाड्या वाचवण्यासाठी गावोगाव फिरणारे. घरात गोष्टींची पुस्तकं थोडी आणि पत्रकांचे गठ्ठे बरेच. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि छापलेल्या बाजूवर वाचायला शिकले. पत्रकातलं वाक्य लहान असतं आणि त्यात कोणीतरी दोषी असतो. माझी विचार करायची पद्धतही तशीच झाली. कुठे काही कमी पडलं की मी आधी ते कोणी नेलं हे शोधते.

पहिल्या दिवशी माझ्या पानाने सात अधिक एक म्हणजे एकाहत्तर असं उत्तर दिलं. मी बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. मग कळलं की पानावरच्या चौकटीत माणूस आकडा टाकतो, पण तो पलीकडे आकडा म्हणून पोहोचतच नाही. तो अक्षर म्हणून पोहोचतो, आणि दोन अक्षरांची बेरीज म्हणजे ती शेजारी शेजारी मांडणं. त्याला आधी सांगावं लागतं की बाबा रे, तू आकडा आहेस. हे सांगितलं की तो शहाण्यासारखा वागतो. गंमत म्हणजे देवनागरीत ७ टाकला तरी पायथनला तो कळत होता. मी ते मुद्दाम तीनचार वेळा करून पाहिलं. कुठल्या कुठे बसलेल्या माणसांनी ही भाषा लिहिताना आमच्या सातचीही आठवण ठेवली होती, याचं मला फार बरं वाटलं.

मग भागाकार. दहा तास म्हणजे सहाशे मिनिटं. सहाशे भागिले सात. उत्तर आलं पंच्याऐंशी पूर्णांक सात एक चार दोन आठ पाच सात, आणि पुढे तेच आकडे पुन्हा, कुठेतरी मध्येच तोडलेले. ते तोडलेलं टोक मला खटकलं. तोडलं म्हणजे काहीतरी टाकलं. मी वाचत गेले तेव्हा समजलं की संगणक दशांशातले बरेच आकडे मुळात नेमके ठेवूच शकत नाही. एक दशांश आणि दोन दशांश मिळवून बघा असं एका ठिकाणी लिहिलं होतं. मी मिळवले. शून्य पूर्णांक तीन, मग शून्यांची लांबलचक रांग आणि शेवटी एकटाच चार. चौथीतलं पोर करणार नाही अशी चूक, आणि जगभर तीच चालू आहे.

आईला दाखवलं. ती भाजीसाठी केळीचा काला, म्हणजे खोडातला गाभा, चिरत होती.

"एवढ्याशा चाराने कोणाचं काय बिघडलं?" ती म्हणाली.

"आज एवढासा आहे."

"तू आणि तुझे वडील. भाषण सुरू करू नकोस, बोट कापेल माझं."

पण मला उत्तर हवं होतं, आणि ते पायथनमध्येच तयार पडलेलं होतं. फ्रॅक्शन नावाचा एक क्लास. क्लास म्हणजे तयार साचा. त्यात आकडा घातला की त्याचं वागणं ठरून जातं. कंसात सहाशे, स्वल्पविराम, सात. बस. तो भागाकार करतच नाही. अंश वेगळा ठेवतो, छेद वेगळा ठेवतो, आणि आपण विचारेपर्यंत गप्प राहतो. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सगळं नेहमीच्याच खुणांनी होतं, फक्त वाटेत काही सांडत नाही. सहा अष्टमांश दिले तर तो आपणहून तीन चतुर्थांश करून परत देतो. शून्याने भागायला सांगितलं तर सरळ नकार. मी सहाशे सप्तमांश सात वेळा मिळवले. उत्तर आलं सहाशे. पाचशे नव्व्याण्णव आणि काहीतरी नाही. सहाशे.

त्या संध्याकाळी मी काकांकडे धावत गेले. ते डोळ्यावर काळा चष्मा लावून ओसरीत बसले होते. मी त्यांना तीन चतुर्थांशाची गंमत सांगितली.

"म्हणजे पाऊण," ते म्हणाले. "त्यात नवीन काय? आम्हाला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी सगळ्याचे पाढे होते. विचार काहीपण."

"सात सव्वा?"

"पावणेनऊ."

मी फोनवर करून पाहिलं. पस्तीस चतुर्थांश. म्हणजे पावणेनऊ. त्यांचं उत्तर माझ्या आधी आलं होतं. काका मान हलवत हसत राहिले, आणि मी वही घेऊन घरी आले. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्यांना सात सव्वा का विचारलं होतं. वहीत प्रत्येक घरापुढे तोच आकडा होता. सव्वा तास.

सात घरं, सव्वा तास, मिळून पावणेनऊ. मोटार चालते दहा तास. मी नव्या साच्याला विचारलं: दहातून पस्तीस चतुर्थांश गेले, किती राहिले? पाच चतुर्थांश. सव्वा तास.

मी मागची पानं उलटली. वीज गेल्यामुळे मोटार आठच तास मिळालेली, त्या दिवशी प्रत्येकाला एक तास. सातांचे सात तास, उरला एक. सहा तास मिळाले त्या दिवशी प्रत्येकाला पाऊण तास, आणि उरला पाऊण. मी पन्नासेक दिवस पानावर चढवून तपासले. दर दिवशी जेवढं एका घराला, नेमकं तेवढंच शिल्लक. चुकून उरलेली शिल्लक इतकी नीटनेटकी नसते. कोणीतरी सातांच्या जागी आठांनी भागत होतं, आणि आठवं घर वहीत नव्हतं.

मोटारीच्या दिवशी अकरा वाजता, चार घरं झाल्यावर, मोटार बंद होते आणि सव्वाबाराला पुन्हा सुरू होते हे सगळ्यांनाच माहीत होतं. मोटारीला दम हवा, तापते, असं काका सांगायचे. पण जुनी मोटार जाऊन नवी आली त्याला तीन वर्षं झाली होती आणि नवी तापत नव्हती. त्या वेळात काका एकटेच बावखलाच्या पायऱ्यांवर बसलेले असायचे, ओंजळीने पाणी पीत. आणि आळीत सगळ्यात हिरवी वाडी काकांची.

यात मला जी सगळ्यात जास्त लागली ती मावशीची गोष्ट. मावशी म्हणजे क्रमातलं सातवं, शेवटचं घर. एकटी राहते. तिच्याकडे पानवेलीच्या बारा ओळी आहेत. आळीत पानवेल आता फक्त तिच्याकडेच उरली आहे. तिचा मुलगा उमेळ्याला इमारतीत राहतो. तिथे त्याच्या खिडकीखालची वाडी जाऊन पार्किंग झालं आहे. तो दर रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर येऊन एकच गोष्ट सांगायचा: वाडी देऊन टाक, माझ्याकडे ये. शेवटी मावशीने त्याला शब्द दिला होता. या वर्षी ईस्टरपर्यंत वेल उभी राहिली नाही तर ती उमेळ्याला जाईल. वेल उभी राहिली तर त्याने पुन्हा विषय काढायचा नाही. मागच्या उन्हाळ्यात तिच्या टोकाच्या ओळी पाण्यावाचून वाळत आल्या होत्या. सव्वा तास तिला पुरत नव्हता. आणि इथे दर पाळीच्या दिवशी सव्वा तास कुठेतरी जात होता.

मी पत्रक लिहिलं. एक पान, ठळक अक्षरं. वर लिहिलं: सव्वा तास कोणाचा? खाली वहीतला हिशेब, तारखेनिशी. त्याखाली: पाणी सर्वांचं असेल तर मिनिटही सर्वांचं. शेवटी काकांचं नाव नव्हतं, पण ज्याच्या ओसरीत बटण आहे त्याने उत्तर द्यावं असं होतं. सात प्रती काढल्या आणि राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, सकाळी सात दारांवर लावल्या. आमच्याही.

आईने आमच्या दारावरचा कागद वाचला. "काकांचा डोळा बरा होईपर्यंत थांबली असतीस," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी सगळे पायऱ्यांवर जमले. कपाळावर राख लावलेले काका नवा चष्मा घालून आले. हातात पत्रक.

"बाय, अक्षर मोठं ठेवलंस ते बरं केलंस. मला वाचता आलं."

आमच्या शेजारच्या वाडीचे सर, जे शाळेतून निवृत्त झाले आहेत, म्हणाले, "काका, त्यात तुमचीच खरडपट्टी काढलीय."

"वाचलं ना. मुलीची मराठी चांगली आहे. तुम्ही शिकवलेली दिसत नाही."

सगळे हसले. मला ते हसणं आवडलं नाही. मी विचारलं, "अकरा ते सव्वाबारा पाणी कोणाकडे जातं?"

"कोणाकडेच नाही. तो बावखलाचा वाटा."

"बावखलाचा वाटा म्हणजे?"

"सात आपले, आठवा त्याचा. माझा बाप ठेवायचा, मी ठेवतो."

"मग मोटार तापते ते?"

"ते मी लोकांना सांगायचो. मोटार म्हटलं की कोणी भांडत नाही. बावखल म्हटलं की तुझ्यासारखं कोणीतरी उभं राहतं."

आता मला वाटलं, सापडले. लोकांना खोटं कारण सांगितलं जात होतं, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं होतं. आणि खरं कारण म्हणजे बापाची प्रथा. आमच्या घरात प्रथा हा शब्द पत्रकात अवतरण चिन्हात यायचा.

"बावखल काय वाडी करतं?" मी विचारलं. "त्याला पानवेली लावायच्यात?"

या वेळी लोक माझ्या बाजूने हसले. मावशी हसली नाही. ती शेवटच्या पायरीवर बसून पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मला दहा मिनिटं जास्त मिळाली तर टोकापर्यंत पाणी पोचेल, एवढंच मला कळतं."

सर म्हणाले, एक महिना करून बघू. हात वर झाले. काकांनी हात वर केला नाही आणि विरोधही केला नाही.

"तुझं मशीन बरोबर असेल," उठताना मावशीकडे बोट करत ते मला म्हणाले. "पण ही शेवटी आहे. हिच्याकडे लक्ष ठेव."

मला तो टोमणा वाटला.

दुसऱ्या दिवशीपासून मोटार सकाळी सहा ते चार न थांबता चालू लागली. प्रत्येक घराला पंच्याऐंशी मिनिटं, बेचाळीस सेकंद आणि एका सेकंदाचे सहा सप्तमांश. मी ते तसंच पानावर ठेवलं होतं, न तोडता. काका बटणाजवळ फोन घेऊन बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "थांब, अजून सहा सप्तमांश बाकी आहेत." शेवटी मी दाखवताना सेकंद काढून टाकले. आतला हिशेब मात्र पूर्ण ठेवला. दाखवायचं वेगळं आणि ठेवायचं वेगळं, हेही मी त्या निमित्ताने शिकले.

मावशीच्या टोकाच्या ओळींना पाणी पोचलं. ती मला मुद्दाम बोलावून ओली माती दाखवायची. दर पाळीनंतर ती माझ्या पानावर आपली मिनिटं स्वतः टाकायची, देवनागरीत, एकेक आकडा शोधून. मी तिला म्हटलं, टाकायची गरज नाही, आपोआप होतं. ती म्हणाली, "असू दे. माझं मी टाकलं की मला कळतं."

तिसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा तपकिरी झाल्या. आधी टोकाच्या ओळींच्या, म्हणजे ज्यांना नव्याने पाणी मिळत होतं त्यांच्या. मला वाटलं ऊन. चौथ्या आठवड्यात कडा जळल्यासारख्या झाल्या आणि पानं गळायला लागली. मावशीने रोग समजून औषध फवारलं. मी रोगांचे फोटो शोधत बसले. पाणी जास्त, पान जळतं, हे गणित मला सुटेना. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला भीतीपेक्षा कुतूहलच जास्त होतं. दोन्ही आकडे बरोबर असताना उत्तर चुकतं कसं?

सकाळी सहाला पहिल्या घराची, म्हणजे काकांची, पाळी. त्यांच्या केळींना काही झालं नव्हतं. आमची पाळी दुसरी. आम्हालाही नाही. पाचव्या घरी मिरचीची पानं किंचित वळलेली. सहाव्याकडे जास्त. सातवी मावशी. मी हे कागदावर मांडलं आणि बघितलं की नुकसान क्रमाने वाढत जातंय. पाणी एकच, बावखल एकच, मोटार एकच. वेगळी होती ती फक्त वेळ.

पिण्याच्या पाण्याचं मशीन दुरुस्त करायला येणाऱ्याकडे पेनासारखं एक यंत्र असतं. पाण्यात बुडवलं की क्षार किती ते दाखवतं. तसं एक मी मागवलं. पुढच्या पाळीच्या दिवशी सकाळी सहापासून दर अर्ध्या तासाने पायऱ्यांवर जाऊन बुडवलं आणि आकडा पानावर चढवला. पहिल्या पाच तासांत आकडा हळूहळू चढला. अकरानंतर तो उसळला. मावशीच्या पाळीला तो सकाळच्या कितीतरी पट होता. मी शेवटच्या पाळीचं पाणी जिभेला लावलं. यंत्राची गरज नव्हती. खारट.

पायरीवरच बसून राहिले. काका दिवसभर मला येताजाता बघत होते. आता ते येऊन दोन पायऱ्या वर बसले.

"तुम्ही अकरा वाजता पाणी प्यायचात ते तहान लागली म्हणून नाही," मी म्हटलं.

"तहानही लागायची."

"चव बघायचात."

"सव्वाबाराला पुन्हा बघायचो. गोडी परत आली की बटण दाबायचं. एखाद्या वर्षी लवकर यायची, एखाद्या वर्षी वेळ लागायचा. पण सव्वा तासात यायचीच."

मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही पत्रकात बसेल इतकं सोपं होतं. समुद्र इथून हाकेवर आहे. जमिनीखाली खारं पाणी आहे आणि त्याच्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगतो. बावखल त्या थरातून भरतं. आपण सावकाश उपसलं तर बाजूने गोडं झिरपत येतं. न थांबता ओढलं तर गोडं पोचायच्या आधी खालून खारं वर येतं. म्हणून मध्ये थांबायचं. किती थांबायचं? एका घराच्या पाळीएवढं. कोणाच्या बापाने हे कधी शोधलं ते काकांनाही माहीत नव्हतं.

"हे त्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. बावखलाचा वाटा आहे म्हटलं."

"असं नाही. खारं, गोडं, असं."

"मला वाटलं तेवढ्यात येतं सगळं," ते म्हणाले. "माझ्या बापाने मला तेवढंच सांगितलं होतं आणि मला पुरलं होतं."

मला राग यायला हवा होता, आला नाही. त्यांनी एका शब्दात जे ठेवलं होतं ते मी उघडून बघितलं नव्हतं. मला वाटलं होतं की माझं गणित चुकणं अशक्य आहे, आणि ते चुकलं नव्हतंच. साच्याने मी दिलेल्या अंशाला मी दिलेल्या छेदाखाली अचूक ठेवलं होतं. छेद किती असावा हे त्याला विचारायची सोय नाही. ते बाहेरच्या माणसाने सांगायचं असतं, आणि बाहेरचं माणूस मी होते.

मावशीकडे जाणं सगळ्यात अवघड होतं. झावळ्यांचा रविवार होता, ईस्टरच्या आदला. ती चर्चमधून आणलेली झावळी दाराला बांधत होती. मी दारातच सांगितलं की वेल रोगाने नाही, माझ्यामुळे जळली. खारं पाणी मी तिच्या वाडीत सोडलं. तिने आधी झावळीची गाठ पूर्ण केली.

"आणि मी रोज मोजून घेतलं," ती म्हणाली. "स्वतः टाकत होते आकडा."

मग तिने मला आत घेऊन पाठीमागे वाडीत नेलं. आम्ही ओळी मोजल्या. टोकाच्या आठ गेल्या होत्या. घराजवळच्या चार हिरव्या होत्या. त्या ओळींना ती भांडी धुतलेलं नळाचं पाणीही घालायची.

घरी येऊन मी फाइल उघडली. सातच्या जागी आठ केला. एवढाच बदल. सहाशे अष्टमांश. साच्याने तो आपणहून लहान केला आणि उत्तर दिलं पंच्याहत्तर, छेदात एक. मग पान अडलं. वाटेकरी सातच होते आणि मीच लिहून ठेवलं होतं की प्रत्येक वाट्याला नाव हवं, नाहीतर पुढे जाऊ देणार नाही. मी आठव्या चौकटीत बावखल असं टाकलं. मग त्याने फोन नंबर मागितला. ती अट मी काढून टाकली.

सातही घरांना मी दुसरं पत्रक दिलं, या वेळी दारावर न चिकटवता हातात. त्यात दोषी कोण ते पहिल्या ओळीत होतं. सर म्हणाले, हात आम्ही पण वर केले होते. मी म्हटलं, तेही लिहू का? ते म्हणाले, नको, राहू दे.

ईस्टरच्या रविवारी मावशीचा मुलगा आला. मावशीने मलाही बोलावलं होतं, मला वाटलं जबाब द्यायला. आम्ही तिघं वाडीत उभे होतो. त्याने आठ ओळींच्या उघड्या काठ्या पाहिल्या. तो वाईट माणूस नाही. आवाज खाली ठेवूनच म्हणाला, "आई, तूच शब्द दिला होतास."

"दिला होता. वेल उभी राहिली नाही तर." तिने माझ्याकडे बघितलं. "बारातल्या चार म्हणजे किती गं?"

"एक तृतीयांश," मी म्हटलं.

"तुझं मशीन तेच म्हणेल?"

"तेच म्हणेल."

"शून्य नाही म्हणणार?"

"नाही."

"ऐकलंस?" ती मुलाला म्हणाली. "उभी आहे."

"आई, हे काय मोजणं झालं?"

"उभी की आडवी ते सांग. किती ते मी विचारत नाही."

तो चार ओळींमधून एकदा चालून आला. एक पान तोडून वास घेतला, खिशात ठेवलं. मग म्हणाला, पावसाळ्यानंतर बघू. मावशी म्हणाली, बघायचं नाही, विषय काढायचा नाही असं ठरलं होतं. तो जेवायला बसला.

आठ ओळींची माती पावसाने धुतल्याशिवाय काही लावायचं नाही असं काकांनी सांगितलं आहे. तोवर मावशी त्या चार ओळी जपते. तिची पाळी आता सव्वा तासाची आहे. माझ्यामुळे मिळालेली दहा पूर्णांक पाच सप्तमांश मिनिटं तिने परत केली. पाणी टोकापर्यंत पोचत नाही, आणि आता टोकाला काही नाहीही. मोटारीच्या दिवशी पाळी संपली की ती अजून माझ्या पानावर ७५ टाकते. परवा मी तिच्याजवळ उभी होते. आकडा टाकून झाल्यावर तिने विचारलं, पावसाळ्यानंतर आठ ओळींत वेल लावायला चार ओळींतली किती कापावी लागेल, ते हे सांगेल का? मी म्हटलं, सांगेल, पण आधी एका वेलीपासून लावायला किती कांडी निघतात ते तू मला सांगायला हवंस. तिने फोन पदराला पुसून माझ्याकडे दिला आणि मला वेलीपाशी घेऊन गेली.